चोवीस तासांची फाईल

२० जानेवारी १९७१ रोजी रिओ दी जानेरोच्या लेब्लॉन भागातल्या एका घरात साध्या वेशातली सशस्त्र माणसं शिरली आणि माजी खासदार, इंजिनिअर रुबेन्स पायव्हा यांना चौकशीसाठी घेऊन गेली. ते स्वतःची गाडी स्वतः चालवत गेले. दुसऱ्या दिवशी पत्नी युनिस आणि किशोरवयीन मुलगी एलियाना यांनाही उचलण्यात आलं. मुलगी लवकर सुटली, युनिस बारा दिवसांनी. रुबेन्स परत आलेच नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये ‘आय ॲम स्टिल हिअर’ या ब्राझिलियन चित्रपटाला ऑस्कर मिळालं, तो या कुटुंबाचा चित्रपट. तेव्हापासून ही गोष्ट जगभर पोचली आहे, आपल्याकडेही अनेकांनी ती पाहिली आहे.

मला सांगायचं आहे ते त्या गोष्टीतल्या एका कागदाविषयी. पायव्हांचे वकील लिनो मशादो यांनी वरिष्ठ लष्करी न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. माणसाला धरलं असेल तर त्याला न्यायाधीशापुढे उभं करा, असं सांगणारा हा अर्ज. तो मंजूर होणं कायद्यानेच अशक्य होतं. १३ डिसेंबर १९६८ रोजी ब्राझीलच्या लष्करी राजवटीने ‘संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५’ काढला होता. त्यात संसद बंद करायचे आणि खासदारक्या रद्द करायचे अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिले आणि दहाव्या कलमात राजकीय गुन्ह्यांसाठी हेबियस कॉर्पस स्थगित केलं. आपल्याकडे आणीबाणीत, १९७६ च्या एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी हाच दरवाजा बंद केला होता आणि न्यायमूर्ती खन्ना एकटे पडले होते. त्यामुळे या कलमाचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. ब्राझीलमध्ये ते दार दहा वर्षं बंद राहिलं.

तरीही वकील अर्ज करत राहिले, आणि त्यामागे पक्का हिशोब होता. अर्ज आला की न्यायालयाचं कार्यालय सवयीने लष्कराला, नौदलाला, पोलिसांना पत्र धाडायचं: अमुक नावाची व्यक्ती आपल्या ताब्यात आहे काय? उत्तर ‘होय’ आलं की त्या माणसाचं असणं सरकारी कागदावर चढलं. आता त्याला गुपचूप मारून टाकणं थोडं अवघड झालं. मग न्यायालयाने अर्ज फेटाळला तरी चालत होतं, वकिलाचं काम झालेलं असायचं. काही जण अर्जावर हेबियस कॉर्पस हे नावही घालत नसत. नागरिकाला अधिकाऱ्यांकडे विनंती करण्याचा हक्क आहे, एवढ्या आधारावर साधं निवेदन द्यायचे. राष्ट्रीय सुरक्षेच्या कायद्यानुसार अटकेतल्या माणसाला पहिले दहा दिवस कुणालाही भेटू दिलं जात नसे, आणि छळ बहुधा याच दहा दिवसांत व्हायचा. म्हणून अर्ज किती लवकर पोचतो याला प्राणांइतकं महत्त्व होतं.

पायव्हांच्या बाबतीत लष्कराचं उत्तर ‘नाही’ असं आलं. मागाहून सांगण्यात आलं, की नेता नेता अतिरेक्यांनी त्यांना वाटेत पळवलं. पण लष्कराच्या कोठडीच्या आवारात युनिसना आपली गाडी दिसली होती, आणि पुढे ती गाडी कुटुंबाला परत देताना लष्कराने रीतसर पावती दिली. माणूस आमच्याकडे नव्हता म्हणणाऱ्यांनी त्याची गाडी मात्र सही-शिक्क्यानिशी परत केली. हुकूमशाहीला कारकून लागतात आणि कारकुनाला नोंद लागते. ब्राझीलच्या वकिलांनी एकवीस वर्षं जी लढाई केली, तिचा सगळा डाव या एका गोष्टीवर उभा होता.

या वकिलांमध्ये वयाने आणि मानाने मोठे होते सोब्राल पिंटो. जन्म १८९३ चा. काळा सूट, काळी टोपी, रोज चर्चला जाणारा कट्टर कॅथलिक, कम्युनिझमचा उघड विरोधक. १९३७ च्या सुरुवातीला वकील संघटनेने त्यांच्यावर दोन आरोपींची जबाबदारी सोपवली, आणि दोघेही कम्युनिस्ट होते: ब्राझीलच्या कम्युनिस्टांचे पुढारी लुईस कार्लोस प्रेस्तेस आणि हॅरी बेर्गर या नावाने वावरणारा जर्मन कार्यकर्ता आर्थर एव्हर्ट. बेर्गरला पोलिसांच्या बराकीत जिन्याखालच्या सांदीत कोंडलं होतं. उभं राहता येत नव्हतं, नीट आडवंही होता येत नव्हतं, आणि त्याचं मन ढळू लागलं होतं. माणसाच्या हक्कांचा कुठलाही कायदा तेव्हा चालत नव्हता. सोब्राल पिंटोंनी १९३४ चा प्राणिसंरक्षणाचा अध्यादेश काढला आणि न्यायाधीशापुढे ठेवला. त्यांचं म्हणणं असं, की जनावराला अस्वच्छ, हवा-उजेड नसलेल्या जागी कोंडणं हा या देशात गुन्हा आहे. घोड्याला मरेपर्यंत मारणाऱ्याला शिक्षा झालेली आहे. तर निदान तेवढं संरक्षण माझ्या अशिलाला द्या.

सोब्राल पिंटोंचं पुढचं आयुष्य वाचताना मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची बदलण्याची तयारी. १९६४ च्या ३१ मार्चला लष्कराने राष्ट्राध्यक्ष गुलार्ट यांचं सरकार उलथवलं, तेव्हा कम्युनिझमच्या भीतीपोटी सोब्राल पिंटोंचा त्याला पाठिंबा होता. राष्ट्रीय वकील संघटनेनेही त्या बंडाचं स्वागत केलं होतं. पण काही दिवसांतच, घटना मोडून जनरल कास्तेलो ब्रान्को राष्ट्राध्यक्ष होऊ पाहताहेत हे दिसल्यावर, या म्हाताऱ्याने त्यांनाच खरमरीत पत्र लिहिलं. त्याच वर्षी रिओत नऊ चिनी नागरिकांना हेर ठरवून पकडलं गेलं. त्यांत व्यापारी शिष्टमंडळातले लोक आणि पत्रकार होते. त्यांचं वकीलपत्र सोब्राल पिंटोंनी घेतलं. अशिलाचे विचार आपल्याला पटतात का, हा प्रश्न त्यांच्या लेखी वकिलीच्या बाहेरचा होता.

अधिनियम क्रमांक ५ निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना अटक झाली. ते गोयानिया शहरात कायद्याच्या पदवीधरांच्या समारंभासाठी गेले होते. हॉटेलवर अधिकारी आला आणि राष्ट्राध्यक्षांचा हुकूम आहे म्हणाला. पंचाहत्तर वर्षांच्या सोब्राल पिंटोंनी त्याला ऐकवलं, की मार्शलसाहेब तुम्हाला हुकूम देऊ शकतात, मी साधा नागरिक आहे, मला नाही. मग त्यांना धरून, ओढत नेलं गेलं. काही दिवसांनी सोडलं. बाहेर आल्यावर ते पुन्हा कोर्टात उभे राहिले.

ही कोर्टं म्हणजे लष्करी न्यायालयं. १९६५ पासून राजकीय खटले नागरी न्यायालयांकडून काढून त्यांच्याकडे दिले होते. खालच्या न्यायालयात पाच जण बसत: चार लष्करी अधिकारी आणि एक नागरी न्यायाधीश. वर, वरिष्ठ लष्करी न्यायालयात पंधरापैकी दहा गणवेशातले. अशा ठिकाणी वकिलाने काय करायचं? निर्दोष सुटका कधीमधी होई, शिक्षा कमीही होई, आणि त्यासाठी हे लोक जिवापाड झटत. पण त्याच्या जोडीला एक दुसरं काम चाले. पोलिसांकडचा कबुलीजबाब आरोपी कोर्टात मागे घेई, तेव्हा ‘का’ असं विचारलं जाई. त्या क्षणी आरोपीने सांगायचं, की मला उलटं टांगलं, वीज दिली, अमुक खोलीत, अमुक अधिकाऱ्याने. साक्ष कारकून टिपायचा ती न्यायाधीश सांगेल त्या शब्दांत. काही न्यायाधीश ‘आरोपीवर दबाव आला’ एवढ्यावर भागवू पाहत. मग वकील उभा राहून म्हणे, माझा अशील बोलला ते जसंच्या तसं लिहून घ्या. नकार मिळाला तर तो नकार नोंदवा. छळ करणारे अधिकारी त्याच शहरात, कधी त्याच इमारतीत असत, आणि सुनावणीनंतर आरोपीला पुन्हा त्यांच्याच हाती जायचं असे. तरी लोक बोलले. १९७० च्या नोव्हेंबरमधलं एक छायाचित्र पुढे प्रसिद्ध झालं: बावीस वर्षांची एक मुलगी लष्करी न्यायालयात ताठ बसली आहे आणि मागचे दोन अधिकारी तोंडावर हात धरून आहेत. ती मुलगी दिल्मा रुसेफ, पुढे ब्राझीलची राष्ट्राध्यक्ष. तिनेही आपल्यावरचा छळ लष्करी न्यायालयाच्या कागदावर नोंदवून ठेवला होता.

रेसिफे शहरातल्या मेर्सिया आल्बुकेर्क यांची गोष्ट मला थोडं थांबून सांगाविशी वाटते. बंडानंतर लगेचच, एप्रिल १९६४ च्या सुरुवातीला, वृद्ध कम्युनिस्ट नेते ग्रेगोरिओ बेझेरा यांना गळ्यात दोर बांधून रेसिफेच्या रस्त्यांवरून ओढत नेलं गेलं. मेर्सियांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांचं वकीलपत्र घेतलं. पुढे शेकडो राजकीय कैद्यांसाठी त्या लढल्या, स्वतः अनेकदा तुरुंगात गेल्या. रिओत मोदेस्तो दा सिल्व्हेरा यांच्याकडे इतके खटले होते की त्या काळात सर्वाधिक राजकीय कैद्यांचा वकील म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. बहुतेक अशील विद्यार्थी, कामगार, शेतमजूर. फी कुठून देणार? १ नोव्हेंबर १९७० ला एलेनो फ्रागोसो, जॉर्ज तावारेस आणि आउगुस्तो सुसेकिंद या तीन नामवंत वकिलांना घरांतून उचलून, डोक्यावर बुरखे चढवून कोठडीत टाकलं. आरोप काहीच नव्हता. वकिलांना दम भरायचा होता.

फ्रागोसो पुढे हेर्झोग खटल्यात उतरले. पत्रकार व्लादिमीर हेर्झोग २५ ऑक्टोबर १९७५ रोजी बोलावणं आलं म्हणून साओ पाउलोतल्या लष्करी गुप्तचर केंद्रात आपल्या पायांनी हजर झाले आणि त्याच दिवशी मेले. लष्कराने फोटो दिला: खिडकीच्या गजाला गळफास, पण पाय जमिनीला टेकलेले. या खटल्यातली वकिलांची हुशारी दाद द्यावी अशी आहे. पत्नी क्लारिस यांनी नुकसानभरपाई मागितलीच नाही. मागणी एकच होती: या मृत्यूला सरकार जबाबदार आहे, एवढं न्यायालयाने जाहीर करावं. सुनावणीत शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरांपैकी एकाने कबूल केलं, की प्रेत न पाहताच त्याने अहवालावर सही केली होती. निवृत्तीला आलेल्या न्यायाधीशाला निकाल वाचण्यापासून वरून रोखण्यात आलं. मग खटला बत्तीस वर्षांच्या मार्सिओ मोरायस यांच्याकडे आला. २७ ऑक्टोबर १९७८ ला त्यांनी सरकारला जबाबदार धरलं. अधिनियम क्रमांक ५ अजून लागू होता, राष्ट्राध्यक्ष अजून जनरल होता. राजवट गेल्यावर निर्भय होणारे न्यायाधीश सगळ्याच देशांत सापडतात; मोरायस यांनी तो निकाल राजवट असताना दिला.

२८ ऑगस्ट १९७९ ला माफीचा कायदा झाला. तुरुंगातले अनेक सुटले, परागंदा झालेले परतले. पण त्याच कायद्यातल्या ‘संबंधित गुन्हे’ या शब्दांच्या आडोशाने छळ करणारेही सुटले. या माफीसाठी देशभर चळवळ उभी करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष होत्या एनी रायमुंदो मोरेइरा. कायद्याचं शिक्षण संपवून त्या सोब्राल पिंटोंच्याच कार्यालयात घडल्या. माफीचे अर्ज तयार करायचे म्हणून वकिलांना जुन्या खटल्यांच्या फायली पाहायची परवानगी मिळाली. त्या सगळ्या ब्राझिलियात, वरिष्ठ लष्करी न्यायालयाच्या दप्तरात होत्या. वकिलाला फाईल चोवीस तासांसाठी बाहेर नेता येत असे.

एनींच्या मनात आलं ते असं. १९४५ मध्ये व्हार्गास यांची हुकूमशाही संपली तेव्हा तिच्या काळातले कागद नष्ट झाले होते. या वेळीही होतील. मग ज्या साक्षी नोंदवून घेण्यासाठी इतकी माणसं इतकं सोसून बोलली, त्या राखेत जातील. चोवीस तासांत एका फाईलची नक्कल होते. तर मग सगळ्याच फायलींची का करू नये?

पैसा आणि आसरा मिळाला तो दोन वेगळ्या पंथांच्या धर्मगुरूंकडून. साओ पाउलोचे कॅथलिक कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स यांचा न्याय व शांती आयोग आधीपासूनच कैद्यांच्या कुटुंबांना वकील मिळवून देत होता. प्रेस्बिटेरियन पाद्री जाइमे राइट यांचा भाऊ पाउलो, माजी आमदार, १९७३ च्या सप्टेंबरमध्ये पकडला गेला आणि बेपत्ता झाला होता. राइट यांनी जिनिव्हाच्या जागतिक चर्च परिषदेकडे शब्द टाकला. तिथून सुमारे साडेतीन लाख डॉलर आले, कुठल्याही वर्तमानपत्रात अक्षर न येता.

ब्राझिलियात एक जागा भाड्याने घेतली, तीन झेरॉक्स यंत्रं बसवली. सिग्मारिंगा सेशास यांच्यासारखे वकील दप्तरातून फाईल सही करून घ्यायचे; यंत्रं दिवसाला दहा तास, आठवड्याचे सातही दिवस चालायची; दुसऱ्या दिवशी फाईल जागेवर. नकला साओ पाउलोला जात, तिथे त्यांच्या मायक्रोफिल्म होत, आणि फिल्मचा एक संच देशाबाहेर पाठवला जाई. नकला करणाऱ्यांना आपण नेमकं कशासाठी राबतो आहोत याची पूर्ण कल्पना दिलेली नव्हती. काम कायद्याच्या चौकटीत होतं, हे मला विशेष वाटतं. कुणी कुलूप फोडलं नाही, कुणाला लाच दिली नाही. राजवटीने स्वतः दिलेल्या सवलतीचा, तिला सुचलाही नसेल असा वापर झाला.

धोका मात्र खरा होता. २७ ऑगस्ट १९८० ला रिओत वकील संघटनेच्या मुख्यालयात संघटनेच्या अध्यक्षांच्या नावाने पाकीट आलं. सचिव लिडा मोंतेइरो दा सिल्व्हा यांनी ते उघडलं. स्फोटात त्या मरण पावल्या. राजवट सैल होऊ नये म्हणून लष्करातले कडवे लोक तेव्हा असे हल्ले करत होते. जिथे लाखो पानांची नक्कल चालली होती त्या खोलीचा पत्ता त्यांना लागला असता तर?

लागला नाही. १९८५ च्या मार्चमध्ये सत्ता नागरी राष्ट्राध्यक्षाकडे गेली, तोवर ७०७ पूर्ण खटले आणि अनेक अपुरे, मिळून दहा लाखांवर पानं, ५४३ मायक्रोफिल्म रिळांवर चढली होती. त्यांतून सुमारे सात हजार पानांचा बारा खंडी अहवाल झाला, आणि त्याचा गाभा एका पुस्तकात आणला गेला. १५ जुलै १९८५ ला ते पुस्तक, ‘ब्राझील: पुन्हा कधीही नाही’, आधी गाजावाजा न करता थेट दुकानांत आलं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नव्हतं. वर्षाहून अधिक काळ ते खपाच्या यादीत राहिलं.

फायलींत ७,३६७ आरोपी होते, त्यांतले जवळजवळ ३९ टक्के पंचविशीच्या आतले. १,९१८ जणांनी छळ झाल्याचं लष्करी न्यायाधीशांपुढे सांगितलं होतं, आणि छळाच्या २८३ तऱ्हा त्यांच्या बोलण्यात आल्या होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये साक्षींत नावं आलेल्या ४४४ जणांची यादी प्रसिद्ध झाली. हे आकडे कमीच आहेत, हेही सांगायला हवं. जे कोर्टात बोलू धजले नाहीत, ज्यांचं बोलणं न्यायाधीशाने गाळलं, आणि जे कोर्टापर्यंत पोचलेच नाहीत ते यात नाहीत. रुबेन्स पायव्हांवर खटला झाला नाही, म्हणून त्यांच्या छळाची साक्ष असण्याचा प्रश्नच नव्हता. पण जे नोंदलं गेलं ते सरकारला खोटं म्हणता येईना. हे सगळं विरोधकांनी रचलंय म्हणावं, तर प्रत्येक पानावर लष्करी न्यायालयाचाच शिक्का.

सोब्राल पिंटोंना हे सारं पाहायला मिळालं. १९८४ च्या एप्रिलमध्ये, थेट निवडणुकांच्या मागणीसाठी रिओच्या कांदेलारिया चर्चसमोर जमलेल्या अफाट सभेत, नव्वदीचा हा माणूस उभा राहिला आणि सत्ता लोकांपासून निघते व लोकांच्याच नावाने चालवायची असते, असं सांगणारं घटनेचं वाक्य त्याने लोकांना ऐकवलं. १९९१ मध्ये ते गेले.

युनिस पायव्हांनी पंचेचाळिशीनंतर कायद्याची पदवी घेतली आणि आदिवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी वकिली केली. बेपत्ता लोकांना मृत म्हणून मान्यता देणारा कायदा १९९५ च्या डिसेंबरमध्ये झाला, त्यासाठी झटणाऱ्यांत त्या होत्या. १९९६ मध्ये त्यांच्या हाती पतीचा मृत्यूचा दाखला आला. २०१२ मध्ये पोर्तो आलेग्रे शहरात एक निवृत्त कर्नल मारला गेला, तेव्हा त्याच्या घरच्या कागदांत पायव्हांना लष्करी केंद्रात दाखल करून घेतल्याची नोंद सापडली. लिनो मशादोंच्या अर्जावर एकेचाळीस वर्षांपूर्वी ‘नाही’ म्हणून आलेलं उत्तर खोटं होतं, हे लष्कराच्याच कागदाने सांगितलं.

शिक्षेचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. परदेशी ठेवलेल्या मायक्रोफिल्म २०११ मध्ये ब्राझीलला परत आल्या, आता ती पानं इंटरनेटवर कुणालाही उघडता येतात. २०१४ मध्ये सत्यशोधन आयोगाने ४३४ मृत व बेपत्ता आणि ३७७ जबाबदार व्यक्तींची नावं दिली. पण माफीचा कायदा उभाच होता. १९६४ मध्ये बंडाचं स्वागत केलेल्या वकील संघटनेनेच तो छळ करणाऱ्यांना लागू होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयात दावा केला, आणि २९ एप्रिल २०१० ला सात विरुद्ध दोन मतांनी ती हरली. तो निकाल मला आजही चुकीचा वाटतो. स्वतःच्याच माणसांना माफ करणारी राजवट आणि पीडितांना तुरुंगातून सोडणारी राजवट एकच होती. तिने दोन्ही गोष्टी एका कागदावर लिहिल्या, म्हणून त्या एका मोलाच्या होत नाहीत.

वकिलांनी मग नवी वाट काढली. त्यांचा मुद्दा असा: माफी १९७९ पर्यंतच्या गुन्ह्यांना आहे; प्रेत दडवण्याचा गुन्हा मात्र प्रेत मिळेपर्यंत रोज घडत राहतो, म्हणजे १९७९ नंतरही तो चालूच आहे. २०२५ च्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न, रुबेन्स पायव्हांच्या प्रकरणासह, पुन्हा तपासायला घेतला. आरोपपत्रात ज्या पाच लष्करी माणसांची नावं होती, त्यांतले काही तोवर म्हातारे होऊन मेले होते. पायव्हांचा देह अजून सापडलेला नाही.